हातातली ओळ

मामांच्या अडतीत अण्णा दिवाणजी पट्टी लिहीत असताना कुणी हाक मारली, तर ते लगेच वर बघत नाहीत. डावा हात किंचित उचलतात, तळवा समोरच्याकडे. उजव्या हाताखाली त्या एका शेतकऱ्याची पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, उचल आणि निव्वळ रक्कम पुरी होते. समासात पेनाचा एक ठिपका पडतो. मग चष्म्यावरून नजर वर येते, "हं, बोला." चहा होतो, कुणाचं भांडण मिटवणं होतं, कधी तासभर बाहेर जाणं होतं. परत येऊन बसले की बोट थेट ठिपक्यावर.

हे मी शाळेत असल्यापासून बघत आलेय. तरी त्यांच्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायला बसले, तेव्हा यातलं काहीच मला आठवलं नाही.

काम साधं होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात आले की संध्याकाळी दुकानात पट्ट्यांचा ढीग पडतो. हंगामात एखाद्या दिवशी दोनशेच्या आसपास. सौद्यांची शीट वाचायची, एकेका शेतकऱ्याचा हिशोब करायचा, पट्टी प्रिंटरला पाठवायची आणि खतावणीच्या, म्हणजे खातेवार हिशोबाच्या, फाइलमध्ये त्याची नवी बाकी लिहायची. एका पट्टीला दोन-तीन सेकंद. अण्णा काळ्या खिडकीतून सरकणारी नावं बघत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "चाललंय की झकास."

मार्चमधल्या एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पोरी, ते थांबंना झालंय. कितीदा दाबलं तरी ऐकंना."

झालं होतं असं. शीटमध्ये दोन खरेदीदारांचे दर एकमेकांच्या जागी पडले होते. एका शेतकऱ्यानं हातातली पट्टी परत टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "अण्णा, माझा माल १४,२०० नं गेलाय, तुम्ही १२,४०० लावलाय." अण्णांना छपाई तिथल्या तिथं थांबवायची होती. थांबवायचं झालं तर कंट्रोल आणि सी एकदम दाबा, असं मीच एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं होतं. त्यांनी दाबलं. नावं सरकतच राहिली. परत दाबलं. सहा वेळा दाबलं. मग मला फोन केला, आणि मी "बघते, एक मिनिट" म्हणेपर्यंत त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. समोर चुकीच्या दराच्या पट्ट्या निघताहेत, माणूस उभा आहे आणि यंत्र ऐकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

खतावणीची फाइल निम्मीच उरली. आणि छापून निघालेल्या पट्ट्यांमधून सहा शेतकरी गायब होते.

फाइल निम्मी का उरली हे लगेच कळलं. पण या सहांचं काही केल्या कळेना. मधलीच नावं नव्हती, ती कुठे गेली? रात्री अकराच्या सुमारास स्क्रिप्ट पहिल्यापासून वाचायला घेतली तेव्हा दिसलं. शीटमधल्या एखाद्या ओळीत दर रिकामा असला तर अख्खं काम अडू नये, म्हणून मी लूपच्या, म्हणजे एकेका ओळीसाठी तेच काम परत करणाऱ्या भागाच्या, आत ट्राय ('करून बघ') घातला होता आणि त्याखाली नुसतं एक्सेप्ट ('चूक झाली तर हे कर'). पुढे कुठल्याही चुकीचं नाव नाही. जे काही होईल ते गिळायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. आता, पायथनमध्ये कंट्रोल सी दाबलं की कीबोर्डइंटरप्ट नावाचा अपवाद, म्हणजे चालू काम मधेच तोडणारी हाक, उठतो. तो उठत होता. माझं एक्सेप्ट त्यालाही रिकाम्या दरासारखंच गिळत होतं. अण्णा थांब म्हणाले की स्क्रिप्ट थांबायची नाही, हातातला शेतकरी टाकून पुढच्याकडे जायची. सहा वेळा थांब म्हटलं, सहा जण गळाले. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही.

गळालेल्यांत एक बाई होत्या, मिरज तालुक्यातल्या. सात पोती. त्या रात्री पट्टी न घेताच गेल्या, कारण त्यांना वाटलं आपला हिशोब उद्यावर टाकलाय. अण्णांच्या हातच्या वहीत त्यांची सात पोती होती म्हणून सकाळी सगळं जुळलं. वही नसती तर? या विचारानं मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

पायथन घडवणाऱ्यांना हा धोका फार आधी दिसला होता. २००६ साली आलेल्या २.५ आवृत्तीत त्यांनी कीबोर्डइंटरप्टला एक्सेप्शन या घराण्यातून बाहेर काढलं आणि थेट त्याच्याही वरच्या बेसएक्सेप्शनच्या हाताखाली दिलं. त्याआधी तो इतर चुकांच्या रांगेतच उभा असायचा. दर रिकामा असणं ही कामातली चूक. माणसानं थांब म्हणणं ही चूकच नव्हे. हा फरक भाषेच्या घडणीतच बसवला गेला. त्यामुळे 'एक्सेप्ट एक्सेप्शन' असं लिहिलं की कामातल्या चुका पकडल्या जातात आणि माणसाचा शब्द मात्र वरपर्यंत पोचतो. माझ्या जागी तर 'व्हॅल्यूएरर' एवढंच पुरलं असतं, कारण रिकाम्या दराचा आकडा करायला गेलं की उठते ती तीच चूक. नुसतं एक्सेप्ट लिहिणं म्हणजे कुणी काहीही सांगायला आलं तरी हो हो म्हणत दार लावून घेणं. मी आता ते कुणाच्याही कोडमध्ये दिसलं की बोलते. वाईटपणा आला तरी बोलते.

ते दुरुस्त केल्यावर स्क्रिप्ट ऐकायला लागली, पण नुसतं ऐकणं पुरेसं नव्हतं.

कंट्रोल सी ही गोष्ट आपल्याला एका बटणासारखी वाटते. तिचा प्रवास लांबचा आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती दाबली की तीन क्रमांकाचं अक्षर निघतं. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात त्याचा अर्थ 'मजकूर संपला' असा दिलेला आहे. टर्मिनलचा ड्रायव्हर ते अक्षर प्रोग्रामला देतच नाही. त्याऐवजी समोर चालू असलेल्या सगळ्या प्रक्रियांना सिगिंट हा दोन नंबरचा सिग्नल पाठवतो. विंडोजची वाट निराळी, पण पायथनच्या दारात दोन्हीकडून एकच निरोप येतो. पायथन निरोप आल्या आल्या धावत नाही. आतल्या आत खूण करून ठेवतो आणि हातातली बारीकशी सूचना संपली की मुख्य थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या मुख्य धाग्यात, अपवाद उठवतो. ही सूचना म्हणजे आपण लिहितो ती ओळसुद्धा नव्हे, त्या ओळीचा एक तुकडा. म्हणजे पायथनही ओळ पुरी करतो, पण त्याची ओळ आणि अण्णांची ओळ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. उचल वजा झाली आणि बाकी अजून लिहायची आहे, अशा दोन श्वासांच्या मधेही तो थांबू शकतो. शेतकऱ्याचा हिशोब कुठे पुरा होतो हे त्याला कसं कळावं? ते मलाच सांगायला हवं.

आता निम्म्या फाइलबद्दल. ते सांगायचं तर मला २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराकडे जावं लागेल.

आमचं घर गावभागात. सांगलीत पाणी मोजायचं ते आयर्विन पुलापाशी. १९२९ सालचा हा पूल, आणि त्याच्याशी बांधलेले दोन आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात: ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पण मला सांगायचंय ते चाळीस आणि पंचेचाळीसच्या मधल्या वेळेबद्दल. बाबांनी त्या वेळात लोखंडी कपाट उघडलं, त्यातलं सगळं काढून खोलीभर जमिनीवर मांडलं आणि नीट लावून एकदमच माडीवर न्यायचं ठरवलं. शेजारच्या काकू एकेक डबा उचलायच्या, माडीवर ठेवायच्या, परत यायच्या. पाणी अंगणात शिरलं तेव्हा काकूंचे अकरा डबे वर आणि उरलेले कपाटात जागच्या जागी. आमचं कपाट रिकामं, माडी रिकामी, आणि सातबाऱ्यापासून माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत सगळं जमिनीवर. ओले कागद आई पुढे महिनाभर इस्त्रीनं वाळवत होती.

फाइल 'डब्ल्यू' (नव्यानं लिहिण्याची खूण) लावून उघडणं म्हणजे बाबांचं कपाट. उघडल्या क्षणी जुनं सगळं पुसलं जातं, नवं अजून लिहायचं असतं, आणि मधल्या काळात तुमच्याकडे धड जुनं नाही, धड नवं नाही. त्यात जे लिहिलंय असं आपल्याला वाटतं, त्यातलाही शेवटचा भाग बफरमध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, असतो, डिस्कवर पोचलेला नसतो. मी खतावणी सुरुवातीलाच अशी उघडून बसले होते. बटण बंद झालं ते नेमकं तेव्हा.

यावर फायनली, म्हणजे बाहेर पडताना आवराआवर करणारा भाग, लिहून सुटका होत नाही, हेही मला तेव्हाच नीट समजलं. फायनलीचा भाग कंट्रोल सी दाबल्यावर चालतो, नेहमीच्या चुकांवर चालतो. पण वीज गेली, किंवा कुणी खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून ती बंद केली, की पायथनला ते वाचायलाही वेळ मिळत नाही. लिनक्सवर प्रोग्रामला तिथल्या तिथं मारणारा नऊ नंबरचा सिगकिल आला तर तेच. म्हणून आधी असं काम मांडायचं की कुठल्याही क्षणी सगळं बंद पडलं तरी निम्मं काही उरू नये, आणि मग त्यावर सभ्यपणे थांबणं बसवायचं. मी उलट्या क्रमानं विचार करत होते.

रस्ता अण्णांच्याच वह्यांत होता. आधी रोजकीर्द, मग खतावणी. दिवसभर जे घडेल ते घडेल तसं रोजकीर्दीत ओळीखाली ओळ. तिथं खोडाखोड नाही, मागे जाणं नाही. खतावणी त्यावरून सावकाश, नंतर. मी स्क्रिप्टला हेच शिकवलं. एका शेतकऱ्याचा हिशोब पुरा झाला की त्याची एक ओळ रोजकीर्दीच्या फाइलला शेवटी जोडायची, बफर रिकामा करायचा आणि एफसिंक करून ती डिस्कवर पोचल्याची खात्री करायची. सगळं झालं की खतावणी नव्या नावानं शेजारी पूर्ण लिहायची आणि अगदी शेवटी ओएस डॉट रिप्लेसनं जुनीच्या जागी ठेवायची. दोन्ही फाइल एकाच डिस्कवर असल्या की ही अदलाबदल एका झटक्यात होते. पाहणाऱ्याला एक तर जुनी पूर्ण दिसते, नाही तर नवी पूर्ण. (विंडोजवर एक अडचण येते. अण्णा खतावणी एक्सेलमध्ये उघडी ठेवतात, तेव्हा रिप्लेस परवानगी नाही म्हणून अडतो. तिथं आता 'एक्सेल बंद करा, मी थांबते' असा निरोप येतो.)

परत सुरू केल्यावर स्क्रिप्ट आधी रोजकीर्द वाचते आणि शेवटच्या पुऱ्या ओळीच्या पुढून चालू करते. शेवटची ओळ अर्धवट असेल तर ती सोडून देते. आधी ओळ की आधी छपाई, यावर आमचा बराच खल झाला. आधी ओळ लिहिली आणि वीज गेली तर पट्टी छापायची राहते. आधी छापली तर पट्टी शेतकऱ्याच्या हातात आणि वहीत नोंद नाही. अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. "वहीत आधी. शेवटची पट्टी परत काढू की. दोन निघाल्या तर एक फाडता येते." म्हणून परत सुरू करताना शेवटच्या नोंदीची पट्टी स्क्रिप्ट मुद्दाम पुन्हा छापते.

एवढं झाल्यावर मग थांबण्याची रीत.

पायथनचं सिग्नल मॉड्यूल वापरून सिगिंटला मी माझं छोटं फंक्शन लावलं, म्हणजे तो निरोप आला की ते चालतं. ते काही बंद करत नाही, काही पुसत नाही. एक खूण तेवढी उभी करतं आणि पडद्यावर एक ओळ दाखवतं. पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं, म्हणून त्या खुणेचं नाव मी 'थांबायचंय' असंच ठेवलं. लूप प्रत्येक शेतकऱ्याच्या शेवटी ती खूण बघतं. खूण असेल तर पुढचा हिशोब हातात घेत नाही. यात डावा हात उचलणं आणि चालू ओळ पुरी करणं, दोन्ही आलं.

पण कुणी दुसऱ्यांदा दाबलं तर? इथं मला पुन्हा ४० आणि ४५ आठवले. पहिला कंट्रोल सी ही इशारा पातळी: आवरा, हातातलं पुरं करा, वेळ आहे. दुसरा ही धोका पातळी: आता पुरं करण्याचा हट्ट नको, बाहेर पडा. म्हणून माझं फंक्शन पहिल्या दाबण्यालाच सिगिंटची जुनी वागणूक परत लावून ठेवतं. दुसऱ्यांदा दाबलं की कीबोर्डइंटरप्ट सरळ उठतो आणि स्क्रिप्ट संपते. पहिल्यावर अडून बसणारा आणि दुसराही न जुमानणारा प्रोग्राम माणसाला भिंतीवरच्या बटणाकडे ढकलतो. माझ्या दिवसाच्या नोकरीत सर्व्हरवरही हीच रीत दिसते. प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारा डॉकर तो डबा थांबवताना आधी 'आवरून थांब' सांगणारा पंधरा नंबरचा सिगटर्म पाठवतो, काही वेगळं सांगितलं नसेल तर दहा सेकंद वाट बघतो आणि मगच सिगकिल. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा सिस्टमडी सहसा नव्वद सेकंद देतो. पण सिगटर्मवर पायथन आपणहून कुठला अपवाद उठवत नाही. फंक्शन लावलं नसेल तर प्रोग्राम फायनली न चालवताच मरतो, आणि ते दहा किंवा नव्वद सेकंद वाया जातात. चाळीस फुटांचा भोंगा वाजला आणि घरात कुणी कान दिला नाही, तशातली गत.

खूण वापरण्यात एक खोच निघाली ती दुकानातच कळली. प्रिंटर तापतो म्हणून दर पंचवीस पट्ट्यांनंतर स्क्रिप्ट एक मिनिट झोपायची. पूर्वी झोपेत कंट्रोल सी दाबलं की अपवाद उठायचा आणि झोप मोडायची. आता माझं फंक्शन अपवाद उठवत नव्हतं. ३.५ आवृत्तीपासून पायथन अशा वेळी उरलेली झोप पुरी करतो. त्यामुळे अण्णा दाबायचे आणि पुढचे चाळीस-पन्नास सेकंद काहीच हलायचं नाही. त्यांचा हात भिंतीकडे जायला लागला हे मी स्वतः पाहिलं. त्या रात्री एका मिनिटाच्या झोपेचे साठ तुकडे केले, एकेका सेकंदाचे, आणि प्रत्येकानंतर खूण बघायची. माणसाच्या सांगण्याला एका सेकंदात उत्तर मिळायला हवं, मग थांबायला दहा लागले तरी तो धीर धरतो.

बाहेर पडताना काय सांगून जायचं हेही ठरवावं लागलं. मधेच थांबलेली स्क्रिप्ट शून्य हा आकडा देऊन बाहेर पडली तर तिला चालवणाऱ्या बॅच फाइलला, म्हणजे एकामागून एक आज्ञांच्या यादीला, वाटतं सगळं नीट झालं, आणि ती अर्धवट दिवसाची प्रत पेनड्राइव्हवर पूर्ण म्हणून ठेवते. मी १३० देते. युनिक्सच्या शेलमधला हा रिवाज, १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक दोन.

पुढच्याच आठवड्यात स्क्रिप्ट पुन्हा मधेच थांबली. या वेळी अण्णांना थांबवायचंच नव्हतं. त्यांना पडद्यावरची एक रक्कम उचलून व्हॉट्सॲपवर मामांना पाठवायची होती. कंट्रोल सी म्हणजे कॉपी, हे त्यांनी कधीतरी नातवाकडून शिकून घेतलं होतं. विंडोजच्या त्या काळ्या खिडकीत अक्षरं माउसनं निवडलेली असली तर कंट्रोल सी कॉपीच करतं. निवड सुटलेली असली तर तेच बटण थांब म्हणून जातं. त्यांची निवड सुटली होती. पूर्वीची स्क्रिप्ट असती तर एक शेतकरी गळाला असता. आता पडद्यावर आलं, "थांबते. चालू पट्टी पुरी करते." आणि दोन सेकंदांनी, "८७ झाल्या, ११४ राहिल्या."

मी त्या दिवशी दुकानातच होते. अण्णांना वाटलं आपण पुन्हा काहीतरी मोडलं. चेहरा उतरला होता. मी म्हटलं, काही नाही, परत चालू करा. त्यांनी चालू केली. प्रिंटरमधून ८७ नंबरची पट्टी पुन्हा निघाली, मग ८८. अण्णांनी दोन्ही ८७ शेजारी-शेजारी ठेवून आकडे ताडून बघितले, एक फाडली आणि विचारलं, "ह्याला कसं कळतंय कुठं थांबलेलं?"

मी त्यांना रोजकीर्दीची फाइल उघडून दाखवली. खाली खाली ओळी वाढत होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, बोटानं पडद्यावरच ८७ ची ओळ शोधली आणि म्हणाले, "ठिपका कुठं दिलाय?"

ठिपका नसतो, शेवटची ओळ हाच ठिपका, असं मी सांगितलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांनी आपली वही ओढली, त्यात ८७ वं नाव काढलं आणि समासात पेन टेकवला.